गावाकडचे पाहुणे

"गप बस," असं मास्तर स्वतःच्या उजव्या हाताला सांगायचे.

तुम्ही आमच्या चर्चमध्ये कधी आला असता आणि डावीकडे, पायपेटीच्या जवळ नजर टाकली असती, तर तुम्हालाही ते दिसलं असतं. प्रवचन रंगात आलेलं असायचं. पाळकसाहेब डोळे मिटून बोलत असायचे, पंखे करकरत असायचे, आणि मास्तरांची बोटं पुढच्या बाकाच्या पाठीवर चालायला लागायची. आधी दोन बोटं, मग चारही, मग तळव्याची कड. फार हळू वाजवायचे, पण लाकूडच ते, आवाज व्हायचाच. मग मास्तर दचकायचे. डावा हात उजव्यावर दाबून धरायचे आणि पुटपुटायचे, "गप बस." आम्ही मागच्या रांगेतल्या बायका गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसून हसायचो.

मास्तर म्हणजे आमच्या गायकवृंदाचे मास्तर. शाळेत गाणं आणि कवायत शिकवायचे म्हणून मास्तर, आणि निवृत्त झाल्यावरही मास्तरच. पायानं भाता मारून वाजवायची ती जुनी पायपेटी त्यांच्याशिवाय कुणाला वश नव्हती. मी शाळेत असताना त्यांच्या हाताखाली गायला लागले आणि माझ्या मुलीचं लग्न झालं तरी गातच होते. एवढ्या वर्षांत मला शाबासकी म्हणून त्यांनी दिलेलं एकच वाक्य आठवतं. "मार्था, आज तू कुणाला त्रास दिला नाहीस."

त्यांचा मोठा नियम असा की गाताना अंग हलवायचं नाही. मान नाही, खांदे नाहीत, पाय तर नाहीतच. "गाणं गळ्यातून येतं, कंबरेतून नाही. ताठ उभे राहा." एकदा सॅमसनचा पाय ठेक्यावर हलला. सॅमसन म्हणजे आमचा खालच्या पट्टीत गाणारा, अंगानं चांगला भरलेला, त्यामुळे त्याचा पाय हलला की आमच्या पायाखालची फळीही हलायची. मास्तरांनी भर उपासनेत पेटी थांबवली.

"सॅमसन, पायाला मुंग्या आल्यात का?"

"नाही मास्तर."

"मग त्याला सांग, उपासना चालू आहे."

आणि उन्हाळ्यातलं ते शुभ शुक्रवारचं गाणं. सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन तुम्हाला मी काय सांगू. त्यात मास्तर हळू आवाजाच्या ओळींना पंखे बंद करायला लावायचे. पंख्यांचा सूर गाण्याशी जुळत नाही म्हणे. एका वर्षी आमच्यातली एक बाई चक्कर येऊन खाली बसली, तर पेटीवरून हात न काढता म्हणाले, "आधी ओळ पुरी करा, मग पाणी द्या." आम्ही ओळ पुरी केली. पाणीही दिलं. ती बाई पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच उभी होती.

घरीही तोच कारभार. त्यांची बायको, आमच्या काकू, वरचा सूर, थोरली मुलगी मधला, धाकट्या दोघी जिथं जागा रिकामी असेल तिथं. त्यांच्या घरी भांडण झालं तरी ते सुरात व्हायचं, असं शेजारी म्हणायचे. तिन्ही मुलींच्या लग्नात पेटीवर स्वतः बसले. कन्यादान केल्यासारखं वधूला घेऊन यायचा मान मामांना दिला. मला वाटायचं, काय हा पेटीचा सोस. काकूंनी नंतर सांगितलं, पेटीवर बसलं की पाठ लोकांकडे असते, रडलेलं दिसत नाही.

कडक असले तरी माणूस कोरडा नव्हता. मंडळीतलं कुणी सिव्हिलमध्ये दाखल झालं की मास्तर डबा घेऊन हजर. कुणी गेलं की खड्डा खणण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत उभे. कोरोनाच्या दिवसांत स्मशानभूमीत आत सोडत नव्हते, तर फाटकाबाहेर तोंडाला फडकं बांधून एकटे गायचे, आत पोचेल एवढ्या मोठ्यानं. माझ्या सासूबाईंसाठी गायले तेव्हा पोलीससुद्धा टोपी काढून उभा राहिला.

आणि शनिवारी ते गावाबाहेरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जायचे. मीही जायची अधूनमधून. तिथली माणसं गाताना डुलायची. बोटं नव्हती त्यांच्या हातांना, तर नुसते तळवे एकमेकांवर आपटून टाळ्या वाजवायची. एक म्हातारा तर उठून नाचायचाच. मास्तर त्यांना चकार शब्द बोलायचे नाहीत. एकदा येताना मी रिक्षात विचारलं, "मास्तर, इथं चालतं, मग आम्हालाच का फळीसारखं उभं करता?"

"त्यांचं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

"त्यांना आता कुणाची लाज उरलेली नाही," असं म्हणून त्यांनी रिक्षावाल्याला सात रस्ता चौकातून घ्यायला सांगितलं.

तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं.

आता त्या पाहुण्यांकडे येते. दरवर्षी नाताळच्या आधी, आमच्या तालमी चालू असायच्या त्या दिवसांत, एक गृहस्थ चर्चच्या आवारात यायचे. कुर्डुवाडीकडून येणाऱ्या पॅसेंजरनं यायचे. उंच, काळेसावळे, डोक्याला लाल फेटा, धोतर, खांद्यावर पोतं. पोत्यात ज्वारी, भुईमुगाच्या शेंगा, कधी हुरडा. फाटकाच्या आत कडुनिंबाचं झाड आहे, त्याच्या पारावर बसायचे. तिथून पुढं कधी आले नाहीत. तालीम संपली की मास्तर बाहेर जायचे, दोघं जण फार न बोलता उभे राहायचे, मग मास्तर पोतं सायकलला लावून घरी न्यायचे आणि ते गृहस्थ स्टेशनकडे परत.

कुणी विचारलं तर मास्तर म्हणायचे, "गावाकडचे पाहुणे आहेत."

आणि ते गृहस्थही मान डोलवायचे. "व्हय, पाव्हनाच म्या."

हातच्या कांकणाला आरसा कशाला. तेच लांब नाक, तेच बाहेर आलेले कान, चालताना डावा खांदा तसाच खाली. आणि पारावर बसले की पाहुण्यांची बोटं गुडघ्यावर चालायची, आधी दोन, मग चारही, मग तळव्याची कड. फरक एवढाच की त्यांना "गप बस" म्हणणारं कुणी नव्हतं. ते आपले मजेत वाजवत बसायचे. एकदा पोतं उघडताना आत जुनेऱ्यात गुंडाळलेली हलगी दिसली आणि मग कुणाला काही विचारायचं राहिलं नाही.

तुम्हाला हलगी मिरवणुकीतली माहीत असेल. आम्हाला ती गावातली माहीत. गावात कुणाचं लग्न असो की मयत, हलगी वाजवायची ती आमच्या मातंग माणसांनी. वाजवायचं सगळ्यांच्या पुढं आणि जेवायचं मांडवाच्या बाहेर. आमच्या मंडळीतल्या निम्म्या घरांचे आजे-पणजे हेच करून सोलापूरला आले, कुणी गिरणीत लागले, कुणी मिशनच्या शाळेत. मग आम्ही नावं बदलली, इस्त्रीचे कपडे घातले, चार सुरांत गायला शिकलो. हलगी गावीच सोडून आलो. माझे वडील मला म्हणाले होते, "मास्तरांना त्या पाहुण्याबद्दल विचारू नको. म्हणजे आपल्यालाही कुणी विचारणार नाही." आख्खी मंडळी अशी तोंडात मूग धरून बसलेली होती.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या तरुण मुलांनी नाताळची मिरवणूक काढायचं ठरवलं. टेम्पो सजवायचा, त्यात मास्तरांना पेटीसकट बसवायचं, गाणी म्हणत गल्ल्यांतून फिरायचं. सॅमसनचा मुलगा रोहन, मोबाइल कंपनीत आहे, त्याच्या डोक्यात आलं की हलगी हवी. हल्ली सगळीकडे असते, तर आपल्याकडे का नको. त्या पोरांना काय ठाऊक. त्यांना ती हलगी म्हणजे व्हिडिओतली मजा. मास्तर नाही म्हणणार हे माहीत होतं म्हणून त्यांना सांगितलंच नाही. म्हणे, सरप्राइज.

मिरवणुकीच्या दिवशी संध्याकाळी फाटकातून हलगीवाले आत आले. चौघं होते. पुढं लाल फेटा. मास्तरांचे पाहुणे.

मास्तर टेम्पोत पेटीपुढं बसलेले, गळ्यात टाय. त्यांनी पाहिलं आणि पेटीवरचे हात मागं घेतले. आम्ही जुने लोक इकडेतिकडे बघायला लागलो. रोहन आपला पुढं होऊन सांगतोय, "मास्तर, हे कुर्डुवाडीकडचे, लई फेमस पार्टी आहे."

पाहुण्यांनी एकवार मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं असेल त्यांना तिथं, देव जाणे. त्यांनी हलगी काखेत धरली आणि हात जोडले.

"नमस्कार साहेब. आमी कुटं हुभं ऱ्हायाचं?"

मी टेम्पोला टेकून उभी होते. थोरला भाऊ धाकट्याला साहेब म्हणाला, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. एवढं तर मास्तरांनीही कधी त्यांच्याकडे मागितलं नसेल.

मास्तर म्हणाले, "मागं. टेम्पोच्या मागं. आमचं गाणं संपलं की वाजवा."

"व्हय साहेब."

वाजवलं त्यांनी. काय वाजवलं म्हणून सांगू. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, चहाच्या गाड्यावरचे लोक उठून आले, तेलुगू बायका विड्या वळायच्या सुपासकट दारात आल्या. सॅमसनचे पाय इतक्या वर्षांचं उट्टं काढत होते. माझीही मान हलत होती, खोटं कशाला बोलू. एकटे मास्तर ताठ. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात मांड्यांखाली घालून ते त्यांच्यावर बसले होते.

परत आल्यावर जेवण होतं, हॉलमध्ये. मटण, भात, कडक भाकरी. आम्ही बायका वाढत होतो. आणि हलगीवाल्यांची पानं कडुनिंबाखाली मांडली गेली.

ती तिथं कुणी मांडायला सांगितली, हे मला आजही माहीत नाही. मी पुष्कळ जणांना विचारलं. बहुतेक कुणी सांगितलंच नसावं. वाजवणारे आले, त्यांची पानं बाहेर गेली, एवढं आमच्या हाडांत अजून शिल्लक होतं. ज्यांच्या आज्यांनी मांडवाबाहेर बसून खाल्लं, त्यांनी चर्चच्या आवारात आपल्याच माणसांना बाहेर बसवलं आणि वर दोनदा रस्सा वाढला. वाढणारी मी होते.

मास्तर ताट हातात घेऊन हॉलच्या दाराशी आले. झाडाखाली पाहुणे नेहमीच्या पारावर बसून जेवत होते. मास्तर उंबऱ्यावर उभे राहिले. मला वाटलं, आता जातात बाहेर. मनात म्हटलंही, जा मास्तर, जा. ते बराच वेळ उभे होते.

"रस्सा घालू, मास्तर?" मी विचारलं.

"नको," म्हणाले आणि आत वळले. ताट तसंच खिडकीत ठेवून घरी गेले.

पुढच्या नाताळला पाहुणे आले नाहीत. तालमीच्या वेळी मास्तर फाटकाकडे बघायचे, मग आमच्याकडे, मग ओरडायचे. त्या वर्षी त्यांची बोटंही बाकावर चालली नाहीत. आम्ही मागच्या रांगेत वाट बघायचो. हसायला काही उरलं नव्हतं.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. "मार्था, गाडी आहे ना तुझ्याकडे? गावाला जायचंय. मयत आहे."

मी कुणाची म्हणून विचारलं नाही. गाडी काढली. मोहोळच्या पुढं गेल्यावर म्हणाले, "माझा भाऊ गेला."

"माहीत आहे, मास्तर."

"तुला फोन आला होता?"

"फोन नाही. ते भाऊ होते हे माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. आरशात नाक बघा की तुमचं."

उसाच्या दोन ट्रॉल्या आम्ही मागं टाकल्या. मग म्हणाले, "सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"मग मी लपवत कुणापासून होतो?"

मी रस्त्याकडे बघत राहिले.

मग आपणच बोलायला लागले. धाकटा म्हणून मिशनच्या बोर्डिंगात यांना घातलं, तिथंच बाप्तिस्मा घेतला. थोरला बापाबरोबर वाजवत राहिला, त्या वाजवण्यावर यांची शाळा झाली. बोर्डिंगात पहिल्या दिवशी पोरांनी विचारलं, बाप काय करतो. हे म्हणाले, शेती. "एकदा म्हटलं शेती, मार्था, मग ती जन्मभर नांगरावी लागली. एक गुंठासुद्धा नव्हती." पुतण्याचं नाव दिलीप, तो मिरवणुकीत होता, हेही सांगितलं. त्याच्याशी कधी दोन शब्द बोललो नाही, म्हणाले.

गावात पोचलो तेव्हा मयत उचलायची तयारी झालेली. काटक्यांचा जाळ करून त्यावर हलग्या शेकत होते, कातडं ताणायला. मास्तर पांढऱ्या शर्ट-पँटमध्ये, हातात सोलापुरातून नेलेला हार. गर्दीच्या कडेला उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं दिलीपला विचारलं, "हे पाव्हनं कुटलं?"

दिलीप आमच्याकडे बघून म्हणाला, "सोलापूरचं पाव्हनं हायत. सायेब हायत."

मास्तर एक पाऊल पुढं आले. "पाहुणा नाही," म्हणाले. "धाकटा भाऊ आहे मी त्याचा."

ज्या आवाजानं आमचं चर्च भरायचं, त्या आवाजातलं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. नुसता श्वास निघाला. मी शेजारी होते म्हणून ऐकलं. तेवढ्यात हलग्या सुरू झाल्या आणि म्हातारा मान हलवून पुढं गेला. त्याला वाटलं, सोलापूरचे साहेब काहीतरी बरं बोलले.

माती दिल्यावर मास्तर दिलीपजवळ गेले. "एक वेळ वाजवू दे मला," म्हणाले. "त्याच्यासाठी."

"ऱ्हाऊ द्या सायेब."

"मी तुझा काका आहे रे."

"मला ठाव हाय की. आमच्या तात्यांनीच सांगितलं हुतं, सायेब म्हन म्हनून. तुमची अडचन नगं व्हायला."

तो रागानं बोलला नाही हो. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. मास्तरांनी पुढं केलेला हात मागं घेतला आणि परत येईपर्यंत गाडीत तो हात दुसऱ्या हातात धरून बसले.

त्या रविवारी उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाच्या घरी दुःख झालं असेल तर सांगा. आमच्याकडे अशी रीत आहे. ज्याच्या घरचं माणूस गेलं तो उभा राहतो, नाव सांगतो, आणि सगळी मंडळी उठून प्रार्थना करते. मास्तर पेटीवरून उठले. पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"माझे थोरले भाऊ वारले," म्हणाले. या वेळी आवाज पुरता लागला होता, शेवटच्या बाकापर्यंत. "तुम्ही त्यांना ओळखता. दर नाताळला पारावर यायचे ते. मी तुम्हाला गावाकडचे पाहुणे म्हणून सांगत आलो. हलगी वाजवायचे. त्या दिवशी मिरवणुकीत वाजवली त्यांनीच. नंतर झाडाखाली जेवले. मी आत होतो."

एवढं बोलून ते खाली बसले.

मंडळी प्रार्थनेला उठायला हवी होती. कुणी उठेना. पाळकसाहेब नवीन, त्यांना कळेना हे काय झालं. आम्ही आपापल्या पायांकडे बघत बसलो होतो. मास्तरांनी स्वतःचं सांगितलं होतं आणि लाजेनं आमच्या माना खाली गेल्या होत्या, कारण त्या दिवशी तेही आत होते आणि आम्हीही. शेवटी काकू एकट्या उभ्या राहिल्या. मग सॅमसन उठला, मग मी, मग बाकीचे.

त्यानंतर कुणी त्या गोष्टीचा विषय काढला नाही. मास्तर पेटी वाजवत राहिले. "ताठ उभे राहा" म्हणायचं त्यांनी सोडलं, पण आम्हाला आता दुसरं उभं राहताच येत नव्हतं. उन्हाळ्यात ते झोपेतच गेले.

त्यांची शवपेटी आवारात, कडुनिंबाच्या सावलीत ठेवली होती. सोलापूर लोटलं होतं. वसाहतीतली माणसं आली होती, शाळेतले जुने विद्यार्थी आले होते. आणि फाटकापाशी दिलीप उभा होता, काखेत जुनेऱ्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. फाटकाच्या आत येत नव्हता. मी त्याला हाताला धरून आत आणलं. म्हटलं, "तुला सांगायचं राहिलंय. मास्तरांनी इथं, सगळ्यांच्या समोर, उभं राहून सांगितलं. तुझे वडील त्यांचे थोरले भाऊ म्हणून."

"हितं?"

"हो. चर्चमध्ये."

त्यानं शवपेटीकडे पाहिलं. मग जुनेरं सोडलं. तात्यांचीच हलगी होती. त्यानं आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. पाळकसाहेब होते, मंडळीचे पंच होते, गायकवृंद रांगेत उभा होता.

"मग वाजवू का आता?" त्यानं विचारलं. "काकांसाठी. थोडंच."

आता बघा, कुणी नाही म्हणालं नाही. हे मी शपथेवर सांगीन. पाळकसाहेबांनी पंचांकडे पाहिलं. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी खाकरलं. आवारात, भर मयतीत, हलगी, लोक काय म्हणतील, असं कुणी बोललं नाही, पण ते सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि मी. मी तोंड उघडलं आणि सवयीनं मास्तरांकडे बघितलं, चालेल का विचारायला. इतकी वर्षं तेच ठरवत आले होते. एक "हो" म्हणायचं होतं फक्त, ते माझ्याही तोंडून निघालं नाही.

दिलीपनं ते तात्यांसारखंच समजून घेतलं.

"बरं," म्हणाला. "अडचन नगं." हलगी पुन्हा नीट गुंडाळली आणि पारावर ठेवली.

मग आम्ही शेवटचं गाणं म्हटलं. चारही सूर बरोबर लागले. कुणाची मान हलली नाही, कुणाचा पाय हलला नाही, सॅमसनचासुद्धा. मास्तरांनी शिकवलं होतं तसे आम्ही फळीसारखे उभे होतो. गाणं चालू असतानाच शवपेटी उचलायला माणसं पुढं झाली आणि दिलीपनं पुढचा उजवा कोपरा खांद्यावर घेतला.

फाटकाकडे जाताना ती माझ्यासमोरून गेली. दिलीपचा एक हात वरून पेटीला धरलेला होता आणि त्याची बोटं लाकडावर चालत होती. आधी दोन, मग चारही, मग तळव्याची कड. फार हळू वाजवत होता, पण लाकूडच ते, ऐकू येत होतं. त्या हाताला गप बस म्हणणारं आता कुणी नव्हतं.